घेवड्यावरचा मोझॅक: पेरणीआधीपासून बियाणे राखेपर्यंत काय करायचे

घेवड्याचे रोप उगवले की आधी दोन साधी पाने येतात, मग तीन पर्णिकांचे पहिले पान उघडते. ते पान उघडेल त्या आठवड्यात एखाद्या सकाळी ओळीत खाली बसा आणि रोपे एकेक करून बघा. निरोगी पान सपाट आणि एकसारखे हिरवे असते. आजारी रोपाच्या पानाच्या कडा खाली वळलेल्या असतात, शिरांच्या लगत गडद हिरवा पट्टा आणि मधला भाग फिकट दिसतो. गडद भाग जागोजागी फुगलेला असतो, बोट फिरवले की उंचवटे हाताला लागतात. पर्णिकाही नेहमीपेक्षा लांबट आणि अरुंद होतात. हा घेवड्याचा सामान्य मोझॅक, विषाणूमुळे होणारा रोग. बीसीएमव्ही या नावाने तो बियाण्याच्या पाकिटांवर आणि माहितीपत्रकांत भेटतो.

नव्याने घेवडा, फरसबी किंवा राजमा लावणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. या रोपाला बरे करणारे औषध नाही. बुरशीनाशक, प्रतिजैविक, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी, यातले काहीही रोपात शिरलेला विषाणू काढत नाही. विषाणू वनस्पतीच्या पेशीत शिरतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला मारायचे तर पेशीच मारावी लागेल. त्यामुळे इथले सगळे काम रोग येण्याआधीचे आहे, आणि त्यातले निम्मे तर पेरणीच्याही आधीचे.

आधी रोग आला कुठून ते ठरवा

घेवडावर्गीय पिकांवर विषाणू बरेच आहेत. सगळ्यांची नावे पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न विचारा: हा बियाण्यातून येतो का, आणि याला एका रोपावरून दुसऱ्यावर कोण नेते? पुढे काय करायचे ते या दोन उत्तरांवरच ठरते.

बीसीएमव्ही बियाण्यातूनही येतो आणि मावाही त्याला पसरवतो. त्याचा जवळचा भाऊबंद बीसीएमएनव्ही, म्हणजे ऊतक मारणारा मोझॅक, याची वाटही तीच. पिवळा घेवडा मोझॅक, बीवायएमव्ही, हाही माव्यामार्फत येतो. याचे पिवळे ठिपके जास्त भडक आणि उठून दिसणारे असतात. घेवड्याच्या बियाण्यातून तो सहसा येत नाही, बहुतेक वेळा शेजारच्या ग्लॅडिओलस, क्लोव्हर, वाटाणा किंवा बाकला यांवरून येतो. काकडी मोझॅक विषाणू, सीएमव्ही, बाराशेहून अधिक वनस्पतींवर जगतो आणि तोही माव्यावर बसून येतो.

दुसरा गट पांढऱ्या माशीचा. पान झगझगीत सोनेरी-पिवळे, शिरांच्या मधे पिवळी जाळी, रोप खुजे, फुले गळतात, शेंगा वाकड्या आणि चिंबलेल्या, असे दिसले की पांढऱ्या माशीवरचा विषाणू धरून चाला. दक्षिण आशियात मूग, उडीद, चवळी आणि सोयाबीनवर येणारा पिवळा मोझॅक याच घराण्यातला आणि तो घेवड्यावरही येतो. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत सोनेरी मोझॅकने घेवड्याचे फार मोठे नुकसान केले आहे. या गटात निदान घेवड्याच्या पिकात तरी बियाण्याला दोष देऊ नका. रोग माशीसोबत येतो.

नावांचा एक घोटाळा इथेच निस्तरून घेऊ. पिवळ्या मोझॅकला कुणी हळद्या म्हणते, कुणी केवडा. द्राक्षावर आणि बाजरीवर मात्र केवडा हेच नाव वेगळ्याच, बुरशीसारख्या रोगाला आहे आणि त्यावर फवारणी चालते. त्यामुळे कुणी ‘केवड्यावरचे औषध’ सुचवले तर तो कोणत्या केवड्याबद्दल बोलतो आहे हे आधी विचारा.

भुंगेरे, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यामार्फत येणारे विषाणूही आहेत. पण नवख्याला बहुधा मावा आणि पांढरी माशी हेच दोघे भेटतात, म्हणून इथे त्यांच्यावरच थांबतो.

पहिले काम: बियाणे

बीसीएमव्ही बियाण्यातून पसरतो हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तरीही सर्वांत जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. विषाणू बीच्या आतल्या गर्भात असतो. बी जिवंत आहे तोवर तोही टिकून राहतो. बाहेरून चोळलेली बुरशीनाशकाची पूड किंवा ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या प्रक्रियांचा उपयोग बुरशीसाठी आहे, त्या जरूर करा, पण मोझॅक त्यांनी थांबत नाही. बी बघूनही काही कळत नाही. टपोरे, चकचकीत, एकसारख्या रंगाचे बीसुद्धा रोगट असू शकते.

एका टक्क्याने काय होते, ते मोजून बघा. ओळींत 45 सेंटिमीटर आणि रोपांत 10 सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी सुमारे 2 लाख 22 हजार रोपे बसतात. शंभरात एकच बी रोगट असेल, तर उगवतानाच शेतात 2,200 च्या वर आजारी रोपे उभी राहतात. म्हणजे प्रत्येक साडेचार चौरस मीटरमागे एक. शेतात कुठेही उभे राहिलात तरी दोन पावलांवर रोगाचे उगमस्थान असते. मावा बांधावरून यायचीही वाट बघावी लागत नाही. ‘एकच टक्का तर आहे’ असे कुणी म्हणाले की हा हिशेब आठवा.

म्हणून विषाणूसाठी तपासलेले, प्रमाणित बियाणे घ्या. ते मिळत नसेल किंवा घरचेच वापरायचे असेल, तर पेरणीच्या महिनाभर आधी ही चाचणी करा. त्या ढिगातल्या वेगवेगळ्या थरांतून 300 बिया काढा, ट्रेमध्ये किंवा पिशव्यांत पेरा आणि बारीक जाळीखाली वाढवा, म्हणजे बाहेरचा मावा आत येणार नाही. तीन पर्णिकांची दोन पाने उघडेपर्यंत थांबा. मग प्रत्येक रोप उजेडात धरून बघा. 300 पैकी एकही आजारी निघाले नाही, तर रोगट बियांचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. दोन-तीन निघाली, तर ते बियाणे खाण्यासाठी ठेवा, पेरू नका. आजारी बी खाल्ल्याने माणसाला काही होत नाही, हे विषाणू वनस्पतींचे आहेत.

एक काळजी घ्या. कडाक्याच्या थंडीत किंवा फार उन्हात लक्षणे फिकी पडतात आणि आजारी रोप चांगले वाटते. चाचणी मध्यम हवेत करा.

वाण निवडताना ‘प्रतिकारक’ शब्दाच्या आत बघा

बीसीएमव्हीला रोखणारे सर्वांत जुने आणि भक्कम शस्त्र म्हणजे आय नावाचे जनुक. पाकिटावर ‘बीसीएमव्ही प्रतिकारक’ लिहिलेल्या बऱ्याच वाणांत तेच असते. या जनुकामुळे बीसीएमव्ही रोपात पसरत नाही आणि बियाण्यातही उतरत नाही.

पण जिथे बीसीएमएनव्ही आहे, तिथे हेच जनुक उलटते. रोप विषाणूला इतक्या जोराने प्रतिक्रिया देते की स्वतःच मरते. शिरा काळ्या पडतात, कोवळा शेंडा माना टाकतो, खोड कापले तर आतल्या नळ्या तांबूस-काळ्या दिसतात. याला काळी मुळी म्हणतात. पूर्व आफ्रिकेत हा मोठा प्रश्न आहे, कारण तिथल्या रानटी शेंगवर्गीय वनस्पतींतही हा विषाणू वस्ती करून असतो. नवखा माणूस याला बुरशीची मर समजून आळवणी करत बसतो. फरक साधा आहे: मर रोगात सहसा खालची पाने आधी पिवळी पडतात आणि रोग वर चढतो, काळ्या मुळीत शेंड्याकडून सुरुवात होते. आय जनुकासोबत बीसी-3 सारखे दुसरे जनुकही असलेले वाण मिळाले तर तेच घ्या, ते दोन्ही विषाणूंना पुरते.

सोनेरी मोझॅकसाठी वेगळी प्रतिकारशक्ती लागते. बीसीएमव्हीला दाद न देणारा वाण पांढऱ्या माशीच्या विषाणूपुढे अगदी उघडा असू शकतो. ब्राझीलमध्ये सोनेरी मोझॅकला रोखणाऱ्या जनुकीय सुधारित घेवड्याला 2011 मध्ये मान्यता मिळाली. त्या देशाच्या सरकारी शेती संशोधन संस्थेने, एम्ब्रापाने, तो तयार केला. एका रोगाला इतकी मेहनत घ्यावी लागली यावरूनच साध्या फवारणीने तो आवरत नव्हता हे कळते.

जागा आणि वेळ

जुन्या, काढणीला आलेल्या घेवड्याच्या शेजारी नवा घेवडा पेरू नका, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला तर मुळीच नको. पिकत चाललेल्या पिकावरचा मावा आणि पांढरी माशी कोवळ्या पिकाकडेच निघते. ग्लॅडिओलसचे वाफे आणि क्लोव्हरची कुरणे यांपासूनही लांब राहा. मागच्या पिकाची आपोआप उगवलेली रोपे आणि बांधावरची रानटी शेंगवर्गीय झुडपे पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी काढा. पीक उगवल्यावर बांध साफ केलात, तर तिथल्या किडी तुमच्याच पिकावर येऊन बसतील.

पेरणी अशी धरा की पहिले पाच-सहा आठवडे पांढऱ्या माशीच्या भराच्या काळात येऊ नयेत. ती उष्ण, कोरड्या हवेत वाढते. रोप जितके लहान असताना विषाणू शिरतो तितके नुकसान मोठे. फुलोऱ्यानंतर लागण झाली तर शेंगांचे नुकसान बरेच कमी होते.

मावा आणि पांढरी माशी यांना एकाच मापाने मोजू नका

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथे चूक झाली की पैसा, मेहनत आणि मित्रकीटक तिन्ही वाया जातात.

मावा पानावर उतरतो तेव्हा हे पान आपल्या खाण्याचे आहे का हे बघायला सोंड क्षणभर टोचतो. ही चाचपणी काही सेकंदांची. तेवढ्यात मोझॅकचा विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या रोपावर पुन्हा तसाच एक टोचा, आणि विषाणू तिथे उतरला. विषाणू माव्याच्या पोटात जातच नाही, थोड्या वेळात सोंडेवरून निघूनही जातो. गंमत अशी की हे काम करणारा मावा बहुतेक वेळा घेवड्यावर राहणारा नसतोच. दुसऱ्या पिकावरून उडत आलेला पंखवाला मावा चार रोपे चाखतो, आवडले नाही म्हणून पुढे निघतो, आणि जाताना रोग देऊन जातो. पानाखाली माव्याची वसाहत दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता कीटकनाशकाचा विचार करा. औषध भिनून मावा मरायला मिनिटे किंवा तास लागतात. टोचायला सेकंद पुरतात. काही औषधांनी मावा मरण्याआधी अस्वस्थ होऊन जास्तच रोपांवर भटकतो. म्हणून मोझॅक थांबवायला माव्यावर फवारणी हा भरवशाचा उपाय नाही. वसाहती वाढून रोपे आकसायला लागली तर माव्यासाठी म्हणून फवारणी करा, पण तिच्याकडून मोझॅक थांबण्याची अपेक्षा ठेवू नका.

माव्यासाठी चालतात ते उपाय वेगळे:

पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेताच्या चारही बाजूंनी ज्वारी किंवा मक्याच्या दोन-तीन ओळी लावा. बाहेरून येणारा मावा आधी या उंच पिकावर उतरतो, तिथे टोचे मारतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. ज्वारी-मक्याला घेवड्याच्या मोझॅकने काही होत नाही.

वाफ्यांवर रुपेरी प्लास्टिकचे आच्छादन घाला. त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने उडता मावा आणि पांढरी माशी दोघेही गोंधळतात आणि उतरत नाहीत. पिकाने जमीन झाकली की हा परिणाम संपतो, पण तोवर नाजूक काळ निघून गेलेला असतो.

पिकासाठी तयार केलेले खनिज तेल, लेबलवरच्या मात्रेत फवारले तर विषाणू सोंडेला नीट चिकटत नाही. मात्र नवे पान आले की त्यावर तेल नसते, म्हणून वाढीच्या काळात फवारणी पुन्हा पुन्हा लागते. भर उन्हात किंवा गंधकासोबत ते वापरू नका, पाने करपतात.

पांढऱ्या माशीचे गणित उलट आहे. तिला विषाणू घेण्यासाठी शांत बसून बराच वेळ रस प्यावा लागतो. मग तो तिच्या आतड्यातून शरीरात जातो, लाळेपर्यंत पोहोचतो, आणि त्यात काही तास जातात. त्यानंतर मात्र ती कित्येक दिवस, बहुधा मरेपर्यंत, रोग देत राहते. म्हणजे तिला रोखायला आपल्या हाती वेळ असतो. लहान क्षेत्र असेल तर पहिले चार-पाच आठवडे 40 ते 50 मेशच्या जाळीखाली पीक ठेवा. फुले येऊ लागली की जाळी काढली तरी चालते. मोठ्या क्षेत्रात, शिफारस असेल तिथे, आंतरप्रवाही कीटकनाशकाची बीजप्रक्रिया सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण देते. यातली काही औषधे मधमाश्यांना घातक आहेत. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्या भागात काय चालते ते लेबलवर वाचूनच ठरवा. फवारणी करायची झाली तर पानाच्या खालच्या बाजूवर पडली पाहिजे, कारण माशी आणि तिची पिल्ले तिथेच असतात. एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरू नका, ही माशी फार लवकर सरावते.

पिवळे चिकट सापळे लावा, पण ते मोजणीसाठी. रोज सकाळी किती माश्या चिकटल्या ते लिहून ठेवा. आकडा चढू लागला की कामाला लागायची वेळ आली.

आठवड्यातून दोनदा फेरी

पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा शेतात फिरा. आजारी रोपे कुठे आहेत याचा साधा नकाशा वहीत काढा. उगवल्यापासूनच विखुरलेली एकेकटी रोपे आजारी असतील तर बियाणे रोगट. बांधाकडून सुरू होऊन आत सरकत असेल तर कीड बाहेरून येते आहे. आख्खे शेत किंवा एखादा सखल पट्टा सारखाच पिवळा असेल तर विषाणूवर येण्याआधी जमीन बघा. लोह कमी पडले की नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, मॅग्नेशियम कमी पडले की तेच जुन्या पानांवर. शेजारच्या शेतातून 2,4-डी तणनाशकाचा तुषार उडून आला तर पाने पट्टीसारखी अरुंद, पंख्यासारखी चुणलेली होतात आणि खोड पिळते. ते मोझॅकशी इतके जुळते की जाणकारही फसतात. शेजारी कधी फवारणी झाली ते विचारा. नुकसान त्या बाजूच्या ओळींत जास्त आणि पुढे विरळ होत गेलेले दिसेल.

शंका उरलीच तर शेंड्याजवळची लक्षणे असलेली कोवळी पाने जवळच्या कृषी प्रयोगशाळेत द्या. एलायझा किंवा पीसीआर चाचणीने विषाणू ओळखता येतो. वाळलेले, करपलेले पान देऊ नका, त्यात काही सापडत नाही.

आजारी रोप दिसले की उपटा. उद्यावर टाकू नका. पांढऱ्या माशीचा रोग असेल तर पहाटेच्या गारव्यात जा, तेव्हा ती जड असते. प्लास्टिकची पिशवी रोपावर अलगद उलटी घाला, खाली तोंड आवळा, मग रोप ओढा. तसेच उपटून हातात धरून बांधापर्यंत चालत गेलात, तर वाटेभर माश्या उडवत जाल. उपटलेले रोप पुरा. बांधावर टाकलेले रोप सुकेपर्यंत किडींना रस पुरवत राहते.

उपटण्यालाही मर्यादा आहे. तुरळक रोपे असतील आणि पीक लहान असेल तोवरच त्याचा फायदा. शेतभर पसरल्यावर किंवा शेंगा भरू लागल्यावर उपटत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा मिळेल तेवढे पीक काढा, आणि काढणी होताच धसकटे, वेल सगळे गाडून टाका.

खतात नत्राचा अतिरेक करू नका. लुसलुशीत पाल्यावर रस शोषणाऱ्या किडी जास्त येतात.

पुढच्या हंगामाचे बियाणे

मी सुरुवातीला एक चूक केली होती, ती इथे सांगतो. हंगामाच्या शेवटी उन्हाने मोझॅकची लक्षणे फिकी पडली, पीक हिरवे दिसू लागले, आणि सगळ्यात भरलेल्या शेंगा बघून मी बियाणे बाजूला काढले. पुढच्या पेरणीत पहिल्याच पानावर मोझॅक उभा होता. बियाण्याची रोपे शेंगा बघून निवडायची नसतात.

ती फुलोऱ्याआधी निवडायची असतात, कारण फुलोऱ्याआधी आजारी पडलेले रोपच मुख्यतः रोगट बी देते. शेताच्या मधोमधचा, बांधापासून लांबचा, चांगला तुकडा ठरवा. पहिले पान उघडल्यापासून फुले येईपर्यंत प्रत्येक फेरीत तो बारकाईने बघा. निरोगी रोपांना रंगीत दोरा बांधा. नंतरच्या फेरीत एखादे आजारी दिसले तर त्याचा दोरा सोडा, रोप उपटा, आणि शेजारची चार रोपेही बियाण्यातून वगळा. शेंगा वाळल्यावर फक्त दोरेवाल्या रोपांच्याच तोडा, वेगळ्या मळा, वेगळ्या वाळवा.

मग त्यातल्या 300 बिया पुन्हा जाळीखाली पेरा. डब्यावर वाण, काढणीचा महिना आणि 300 पैकी किती रोपे आजारी निघाली तो आकडा लिहून चिकटवा.